सोमा रामजी आणि बिबळ्याची गाडी

महाडच्या बाजारपेठेतून एके काळी एक मोटार जात असे, आणि ती दृष्टीआड होईपर्यंत दुकानदार हातातले माप तसेच धरून ठेवीत. मीही कैक वेळा पुस्तक मिटून खिडकीशी गेलो आहे. गंगाधरपंत वकिलांनी ती १९६६ साली मुंबईतल्या एका इंग्रज व्यवस्थापकाकडून, तो मायदेशी परतत असताना, विकत घेतली. गाडीचे नाव जग्वार. तिच्या बॉनेटच्या टोकाला झेप घेणाऱ्या एका श्वापदाची लखलखीत मूर्ती होती. ते श्वापद आमच्याकडे कुणी पाहिलेले नव्हते. बिबळ्या मात्र वरंधच्या रानात पुष्कळांनी पाहिला होता. म्हणून लोकांनी तिला बिबळ्याची गाडी म्हटले, आणि तेच नाव राहिले.

या गाडीचे आकर्षण कशात होते याचा मी वृद्धपणी शांतपणे विचार केला आहे. श्रीमंतांच्या लांबलचक गाड्या मुंबई-गोवा रस्त्यावरून रोज जात. त्यांच्याकडे कुणी मान वळवीत नसे. ही गाडी मुळात कुटुंबाची. चार दारे, पाच माणसांना ऐसपैस जागा, पुढच्या आसनांच्या पाठीला अक्रोडाच्या लाकडाची घडीची मेजे. पंतांच्या घरची मुले त्या मेजांवर शाळेचा अभ्यास करीत, आणि सणाला निघताना लोणच्याची बरणी तिथेच ठेवली जाई. परंतु त्या गृहस्थाश्रमी देहात सहा नळकांड्यांचे इंजिन होते, आणि त्याचे गोत्र शर्यतीच्या गाड्यांचे होते. अंगी असलेले बळ ती कधी मिरवीत नसे. बाजारातून ती इतक्या मंद गतीने जाई, की कुत्रीही उठत नसत. घाट लागला म्हणजे मात्र मागे बसलेल्याची पाठ कुणीतरी अलगद आसनाला टेकवावी तशी टेके, आणि बोलणे मधेच थांबे. सामर्थ्य आणि विनय एके ठिकाणी क्वचितच नांदतात. ते यंत्रात नांदताना पाहिले, हे मी माझे भाग्य समजतो.

माणसातही मी ते पाहिले. त्या गाडीच्या चालकात.

त्याचे नाव सोमा रामजी. पोलादपूरच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून असलेल्या बौद्धवाडीतला. सैन्यात चौदा वर्षे त्याने वाहने चालविली आणि दुरुस्त केली. परत आल्यावर पंतांनी त्याला ठेवून घेतले. अंगाने सडसडीत, बोलणे मोजके. घासून पुसट झालेली अक्षरेही तो एका नजरेत वाचू शके, कारण सैन्याने त्याला यंत्राची पुस्तके वाचायला शिकविले होते. गाडीचे सुटे भाग विलायतेहून येणे बंद झाले, तेव्हा मुंबईच्या जाणत्यांनी पंतांना सांगितले की दोन वर्षांत ही कोंबड्यांचे खुराडे होईल. सोमाने ती आणखी सोळा वर्षे चालविली.

त्याची रीत न्यारी होती. महाडच्या विहिरींच्या पाण्यात क्षार फार. रेडिएटरमध्ये त्याचा थर बसतो. म्हणून श्रावणात, कौले धुऊन निघाल्यानंतर, पागोळ्यांचे पाणी तो दुपदरी फडक्यातून गाळून चिनी मातीच्या बरण्यांत भरून ठेवी, आणि वर्षभर गाडीला तेच पाजी. सकाळी इंजिन सुरू करून तो रबराच्या नळीचे एक टोक कानाला लावी, दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरी. दोन कार्बोरेटर होते. दोघांचा श्वास एकसारखा ऐकू येईपर्यंत तो स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवी. त्या वेळी त्याचे डोळे मिटलेले असत. संध्येला बसलेल्या माणसाची अशी एकाग्रता मी फार थोड्या वेळा पाहिली आहे.

१९७४ साली पंतांच्या सुनेची, चारुशीलाबाईंची, प्रसूती अडली. मूल पायाळू होते. महाडच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि पुण्याला न्या म्हणाले. सोमाने त्यांना वरंधा घाटातून भोरमार्गे नेले. बाळ-बाळंतीण दोन्ही वाचली. घाटाच्या प्रत्येक वळणाला मागून त्या "दादा, सांभाळ रे, दादा" म्हणत होत्या, असे पंतांनीच मला सांगितले. घरी परतल्यावर तो पुन्हा सोमा झाला.

सोमाच्या घरचे कुणी त्या गाडीत कधी बसले नाही. तसा नियम कुणी घातला नव्हता. नियम घालण्याची वेळच येऊ नये, असे सारे चाललेले होते. एकदा चैत्रातल्या उन्हात पंत आणि मी पोलादपूरहून परतत होतो. रस्त्याच्या कडेने एक म्हातारी डोक्यावर फाट्यांचा भारा घेऊन चालली होती.

"सोमा, ती तुझी आई ना रे?" पंतांनी विचारले.

"व्हय साहेब."

"प्रकृती बरी दिसते," पंत समाधानाने म्हणाले. गाडी पुढे गेली. पंत दुष्ट नव्हते. माझ्या पाहण्यातल्या भल्या माणसांपैकी ते एक होते. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो, आणि मलाही त्यात काही वावगे वाटले नाही.

१९८३च्या कार्तिकात पंत अंथरुणाला खिळले. जाण्यापूर्वी सहा दिवस, दुपारी, मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. सोमा औषध घेऊन उंबऱ्याशी उभा होता. पंत स्पष्ट म्हणाले, "सोमा, माझ्यामागे गाडी तुझी. अवधूतला ती सांभाळता यायची नाही. गुरुजी, ऐकताय ना?"

"ऐकतो आहे," मी म्हणालो.

सोमाने औषध उंबऱ्यावर ठेवले आणि तो गेला. घरी जाऊन त्याने आईला ते सांगितले असले पाहिजे, कारण पुढच्या आठवड्यात सारी वाडी त्याला गाडीवाला शेठ म्हणू लागली. त्याची आई चंपाबाई सोळा वर्षांची असताना, सत्तावीस सालच्या मार्चात, वाडीतल्या माणसांबरोबर चालत चवदार तळ्यावर आली होती. तळ्याचे पाणी प्यायली, आणि परतताना डोक्यात काठी बसून तिचा डावा कान कायमचा गेला. तेव्हापासून दरवर्षी वीस मार्चला ती महाडला येई. आधी पायी, मग ट्रकमध्ये उभी राहून. सोमाची इच्छा एवढीच होती, की येत्या वीस मार्चला आईला बिबळ्याच्या गाडीत, मागच्या आसनावर बसवून तळ्यावर आणायचे. त्यानंतर गाडीचे काय होईल, पेट्रोल कुठून येईल, याचा विचार त्याने केलेला दिसला नाही. एक दिवस त्याला पुरेसा होता.

अवधूत पंतांचा एकुलता मुलगा. मुंबईला एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तो घर आवरायला सपत्नीक आला. त्याच्या मुंबईच्या ओळखीत एक शेठ होते. त्यांना जुन्या गाड्या जमविण्याचा छंद. शेठ शनिवारी गाडी पाहायला येणार हे ठरल्यावर शुक्रवारी सोमा प्रथमच बोलला. मी त्या वेळी ओटीवर होतो.

"दादासाहेब, गाडीचा साहेबांनी शब्द दिला व्हता."

"कुणाला?"

"मला."

अवधूत हसला. "बाबा माझ्याशी असं काही बोलले नाहीत. लिहून ठेवलंय का कुठं? वकील होते ते, सोमा. शंभर माणसांची मृत्युपत्रं केली त्यांनी. एक ओळ तुझ्यासाठी लिहायला काय हरकत होती?"

"गुरुजी व्हते तिथं."

दोघांनी माझ्याकडे पाहिले. चारुशीलाबाई चहाचा पेला माझ्यापुढे ठेवीत होत्या. त्या घरात चाळीस वर्षे माझा पेला ठरलेला होता.

"आजारपणात माणूस पुष्कळ बोलतो," मी म्हणालो.

हे खोटे नव्हते. असत्य न बोलता अन्याय कसा करावा हे विद्येने मला चांगले शिकविले होते. सोमाने मान हलविली, आणि तो गाडी पुसायला गेला.

"गाडी घेऊन करणार काय हा?" चारुशीलाबाईंनी नवऱ्याला विचारले.

"आईला फिरवणार आहे म्हणे. मागच्या सीटवर."

"अगबाई! पुढं बसवली तर नाही चालायचं का?" आणि त्या खळखळून हसल्या. सोमा अंगणातच होता, फडके पिळीत.

शनिवारी, सतरा तारखेला, शेठ आले. त्यांनी गाडीभोवती तीन फेऱ्या घातल्या, लाकडावरून बोटे फिरविली, खाली वाकून पाहिले. मनुष्य जाणकार होता.

"सूरत तर झकास हाय," ते म्हणाले, "पण बावीस वर्सांचं इंजिन. असल्या दिखाऊ म्हाताऱ्या मी पुष्कळ बघितल्या. घाट चढवून दाखवा. इथून निघायचं, माथ्यावरच्या वाघजाईच्या देवळापर्यंत बॉनेट उघडायचं नाय, मधे पाणी नाय. पोचली तर तिथंच कागद करतो, तशीच पुण्यावरून घेऊन जातो. नाय पोचली तर मला नको."

"आणि नाही पोचली," अवधूत सोमाकडे वळून म्हणाला, "तर तुझी. बाबांचा शब्दही राहील. घाटातून बैल लावून ओढून ने तुझ्या वाडीत."

मार्चचा महिना, भर दुपार. वरंधा घाटात त्या ऋतूत बहुतेक गाड्या वाटेतल्या माझेरी गावाला थांबत, बॉनेट उघडून वाफ जाऊ देत, पाणी घालीत. सोमाने नुसते थांबायचे होते. कुणी त्याला दोष दिला नसता.

शेठ म्हणाले, "माझा ड्रायवर चालवंल. तुमच्या ड्रायवरला गाडी मिळणार असंल तर तो कशाला चढवंल?"

"सोमाच चालवील," अवधूत म्हणाला. मग त्याने आवाज किंचित खाली आणला. पण सोमा चार हातांवर काच पुशीत उभा होता. "मी याला लहानपणापासून ओळखतो. गाडी हरलेली याला बघवत नाही. तुम्ही निर्धास्त बसा."

मला त्यांनी बरोबर घेतले. व्यवहाराला कुणी वडीलधारा साक्षीदार हवा होता.

शेठ पुढे बसले, अवधूत आणि मी मागे. शेठचा ड्रायव्हर त्यांच्या दुसऱ्या गाडीतून पाठोपाठ निघाला. बिरवाडी मागे पडली, वरंध गाव आले. चढ सुरू झाला तसा सोमाने गिअर खाली घेतला आणि इंजिनाचा स्वर बदलला. त्यात जोर होता, आक्रोश नव्हता. उजवीकडे दरी उघडली. उन्हाने करपलेले डोंगर वळणावळणाला जवळ येत होते, आणि ती गाडी प्रत्येक वळण असे घेई, की जणू ते तिला तोंडपाठ होते. शेठ प्रथम घड्याळ पाहत होते. मग त्यांनी घड्याळ पाहणे सोडले.

माझेरीला सोमा थांबला नाही. मागची गाडी मात्र थांबली. तिच्या तोंडातून वाफ निघताना मी वळून पाहिली.

पुढच्या तीव्र वळणावर वरून एस.टी. आली. चढणाऱ्याला वाट देणे हा घाटाचा धर्म. परंतु त्या चालकाने तो पाळला नाही, आणि सोमाला गाडी चढावर उभी करून ठेवावी लागली. मिनिट, दोन मिनिटे. एस.टी. मागेपुढे करीत निघून गेली. तेवढ्यात तापमान दाखविणारा काटा चढला. मी दोन आसनांमधून तो पाहत होतो. काटा लाल खुणेच्या जवळ गेला, आणि गाडी पुन्हा निघाल्यावर आणखी जवळ गेला.

"आता उकळणार," शेठ म्हणाले.

दोन वळणे गाडी तशीच चालली. त्या दोन वळणांत सोमाच्या मनात काय झाले ते मला ठाऊक नाही; मी त्याची मान तेवढी पाहत होतो. मग त्याचा डावा हात पुढे गेला आणि त्याने हीटर उघडला. थंड देशातल्या माणसांनी पाय शेकायला केलेली ती सोय. इंजिनाची सारी आग गाडीच्या आत येऊ लागली.

"अरे, वेडा झालास का?" अवधूत ओरडला. "बंद कर! भाजतोय आम्ही!"

"काचा उघडा, दादासाहेब," सोमा म्हणाला. "इंजिनाची गरमी आपण घेऊ. थोडंच ऱ्हायलंय."

शेठ टाळी वाजवून हसले. "वा रे पठ्ठे! सोड ना अवधूत, चढू दे!"

आम्ही घामाने भिजलो. काटा क्षणभर थबकला. मग केसाएवढा खाली आला, आणखी खाली आला. वाघजाईच्या देवळापाशी गाडी उभी राहिली तेव्हा इंजिन सकाळी अंगणात बोलावे तसे बोलत होते. मी माझ्या नकळत "शाब्बास" म्हणालो.

शेठनी सोमाची पाठ थोपटली आणि बॉनेटवर हात ठेवला. "ही मी कुणाला विकणार नाय," ते म्हणाले. आवाजात खरा आदर होता. कागद तयारच होते. मागच्या मेजाची घडी उलगडून त्यावर अवधूतने सही केली. मग लेखणी माझ्याकडे आली, आणि साक्षीदार म्हणून मी माझे नाव वळणदार अक्षरांत लिहिले.

सोमा काही अंतरावर उभा होता. तो पुढे आला.

"शेठ, एक मागनं हाय. गाडी वीस तारखेपत्तर महाडात ऱ्हाऊ द्या. एकवीसला मी सोता मुंबईला आणून पोच करतो."

"तीन दिवस कशापायी?"

"त्याच्या आईची वरात काढायची आहे," अवधूत म्हणाला.

शेठना विनोद आवडला. "आईला मुंबईला घेऊन ये की. माझ्या गॅरेजमधी बघू दे हवं तेवढं. तिकीट नाय लावणार!"

एवढ्यात त्यांचा ड्रायव्हर हाशहुश करीत पोचला. शेठनी त्याला जग्वारच्या स्टिअरिंगवर बसविले आणि दुसरी गाडी अवधूतने घ्यावी असे ठरले. नोंदणीच्या कामासाठी तोही पुण्यापर्यंत जाणार होता. सोमाने खिशातून रबराची नळी काढली आणि तिचा उपयोग त्या ड्रायव्हरला समजावू लागला. डावा कार्बोरेटर सकाळी थोडा आळशी असतो, विहिरीचे पाणी घालू नको, पागोळीच्या पाण्याच्या दोन बरण्या डिकीत आहेत. ड्रायव्हर कंटाळून ऐकत होता. बोलणे संपल्यावर सोमा नळी परत खिशात घालू लागला.

"ती ठेव गाडीतच," शेठ म्हणाले. "गाडीची हाय ना?"

सोमाने नळी पुसली आणि आसनावर ठेवली.

दोन्ही गाड्या भोरच्या दिशेने गेल्या. आमची त्यांना कुणालाच आठवण राहिली नाही. सोमा आणि मी देवळापाशी महाडच्या एस.टी.ची वाट पाहत तासभर उभे होतो. शेवटी माझ्याने राहवेना.

"सोमा, तू थांबला असतास तर?"

"तर गाडी माझी व्हती."

"मग?"

"दादासाहेब काय बोलले ते ऐकलंत ना, गुरुजी? बैल लाव अन् ओढून ने. माझा आजा गावची मेलेली ढोरं ओढायचा. मेलं की सांगावा यायचा. माझी आई सत्तावीस साली तळ्यावरनं घरी आली, डोसक्यातनं रगत वाहत व्हतं, अन् पयलं आज्याला सांगितलं, आता मेलेलं ओढायचं नाय. आज्यानं त्या दिसापासनं दोर सोडला. गावानं वाळीत टाकलं, तरी पुन्ना धरला नाय. तिला मी मेलेल्या गाडीत बसवू? जित्तीच पायजे व्हती."

"पण गेली."

"जित्ती गेली," तो म्हणाला. मग त्याने तोंड फिरविले. तो रडत होता. मी आकाशाकडे पाहत राहिलो, एस.टी. येईपर्यंत.

इथे हे चरित्र थांबविता आले असते, आणि वाचकाच्या मनात सोमाविषयी आदर तेवढा उरला असता. परंतु वाडीचे तसे नव्हते. वाडीला गाडी दिसली नाही, एवढेच कळत होते. ज्यांनी त्याला गाडीवाला शेठ म्हटले तेच आता विचारू लागले, शेठ, गाडी कुठे लावली? वकिलाने शब्द दिला ही थापच होती, असे ठरले. फौजेतून आल्यापासून सोमाला मोठेपणाचा रोग जडला, असेही कुणी म्हणाले. घाट चढविल्याची गोष्ट त्याने सांगितली, तेव्हा तर हसण्याला ऊतच आला. स्वतःच्या हाताने स्वतःची गाडी घालविणारा माणूस कुणी पाहिला आहे?

वीस मार्चला मी तळ्याच्या वाटेने घरी चाललो होतो. रस्ता माणसांनी भरला होता. निळी निशाणे, घोषणा, खेड्यापाड्यांतून आलेले ट्रक. त्यातल्या एका ट्रकमधून सोमा आईला उतरवून घेत होता. वर त्याच्या वाडीतले आठ-दहा जण उभे होते. एक जण ओरडला, "सोमाशेठ, दार तरी उघडा म्हातारीला! बिबळ्याची गाडी हाय!" सारा ट्रक हसला.

चंपाबाईने मला पाहिले. तिने सोमाचा हात सोडला आणि ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. उजवा कान माझ्याकडे करून ती मोठ्याने म्हणाली, "गुरुजी, तुमी व्हतात म्हणं तिथं. सांगा या लोकांना. वकील बोलला व्हता का नाय? माजा पोर खोटा हाय का?"

ट्रकवरचे हसणे थांबले. सोमा घाईने पुढे आला. "आये, ऱ्हाऊ दे. गुरुजींना कशाला मधी घेतेस? चल गो."

"थांब रे. त्यांना बोलू दे."

"बोलले होते," मी म्हणालो. "माझ्यासमोर बोलले. गाडी सोमाची."

माझा आवाज सर्वांना ऐकू गेला. म्हातारीने माझ्याकडे नखशिखान्त पाहिले. धोतर, कोट, हातातली छत्री.

"आता बोलतायसा," ती म्हणाली. "गाडी मुंबईला पोचल्यावर."

सोमाने तिचा दंड धरला. गर्दीतून वाट काढीत दोघे तळ्याच्या पायऱ्यांकडे गेली. मी त्याला हाक मारली. एकदा, मग पुन्हा. घोषणांचा आवाज मोठा होता हे खरे, परंतु सोमाचे दोन्ही कान चांगले होते.